उलट्या तारांची गिटार

बाइंडिंगच्या कारखान्यात तिला सगळे गोंदताई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. बावीस वर्षं ती पुस्तकं बांधत आली होती. पानांचे जुडगे लावायचे, शिवायचे, सरस फासायचा, पुठ्ठा चढवायचा. तिच्या हातून गेलेलं पुस्तक सुटं होऊन परत आलं, असं कधी झालं नाही. तोंडानं मात्र फटकळ. नवा कारागीर पहिल्या दिवशी तिला घाबरायचा आणि महिनाभरात तिच्याच डब्यात हात घालायचा.

तिच्या डाव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारचं आणि मधलं, पहिल्या पेराशीच संपत होती. बारा वर्षांपूर्वी ती बोटं कटिंग मशीनखाली सापडली. चूक कुणाची नव्हती; असलीच तर तिचीच. गठ्ठा सरळ करताना मन दुसरीकडे होतं आणि पाय पेडलवर. “माझी दोन टोकं कुठल्यातरी शब्दकोशात बांधली गेलीत,” असं ती नव्या माणसांना सांगायची आणि त्यांचे चेहरे उतरले की “अहो, गंमत केली” म्हणून स्वतःच हसायची.

एका सकाळी एक उंच, जरासे वाकलेले गृहस्थ जाडजूड पुस्तक घेऊन आले. पुस्तक कसलं, पाचोळाच तो. गृहस्थ गिटार शिकवत, त्यामुळे कारखान्यात त्यांचं नाव मास्तर पडलं ते पडलंच.

“हे असं बांधून हवंय,” मास्तर म्हणाले, “की स्टँडवर उघडं ठेवलं की उघडंच राहील. वाजवताना दोन्ही हात गुंतलेले असतात. पान मिटलं तर नाकानं उघडावं लागतं.”

“ते दिसतंयच,” एका पानावरचा डाग न्याहाळत गोंदताई म्हणाली.

मास्तर मनापासून हसले आणि पानं उलटून दाखवू लागले. तेव्हा तिला त्यांची नखं दिसली. डाव्या हाताची अगदी कापलेली, उजव्या हाताची मात्र लांब, घासून गुळगुळीत केलेली.

“सांभाळून. नख अडकलं की पान गेलंच,” ती म्हणाली. “एकाच हाताची कशी वाढवलीत?”

“यांनीच तारा छेडतो. चाळीस वर्षं सांभाळलीत. बायको म्हणते, इतकं मला सांभाळलं असतंत तर बरं झालं असतं.”

जे बांधायचं ते थोडंफार वाचायचं, ही गोंदताईची जुनी खोड. त्यामुळे तिला कोंबड्यांचे रोग माहीत होते, अर्धाअधिक कायदा माहीत होता आणि विहिरी कशा खोदतात तेही. पण या पुस्तकापुढे तिनं हात टेकले. पानापानावर छोट्या छोट्या खिडक्या काढलेल्या, त्यांच्या गजांवर काळे ठिपके. चार दिवसांनी मास्तर आले, तेव्हा पुस्तक टेबलावर आपलं आपण सपाट पडून होतं. मास्तरांनी पानावर फुंकर मारून पाहिली. पान हललं आणि पुन्हा जागेवर बसलं. लहान मुलासारखा त्यांचा चेहरा उजळला.

“या खिडक्या कसल्या हो?” तिनं विचारलं.

“उभ्या रेघा म्हणजे सहा तारा. ठिपका म्हणजे बोट ठेवायची जागा. या तीन ठिपक्यांवर तीन बोटं ठेवली की सूर एकत्र बोलतात. त्याला कॉर्ड म्हणतात.”

“बोटं कुठल्या हाताची?”

“डाव्या.”

गोंदताईनं डावा हात त्या खिडकीवर ठेवला. “मग आमची खिडकी बंदच म्हणायची.”

एरवी या विनोदाला लोक कसनुसं हसत. मास्तर हसले नाहीत. अवघड काम समोर आलं की कारागीर जसा बघतो, तसे ते हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “उजव्या हाताची पाचही शाबूत आहेत ना?”

“आहेत.”

“शिकायचंय?”

आता हा प्रश्न तिला कितीतरी वर्षांत कुणी विचारला नव्हता. काम होईल का, वेळेत होईल का, उद्या लवकर येशील का, हे रोज विचारत. “मला कुठला वेळ,” असं तिच्या तोंडातून निघालंही, आणि त्याच दमात ती म्हणाली, “कधी येऊ?”

“पंधरा दिवसांनी. शनिवारी चार वाजता.”

“आज शनिवारच आहे की.”

“आहे. पण मला तयारी करायचीय.”

घरी तिनं सांगितलं, तेव्हा सासूबाई पलंगावर बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या. “पन्नाशीला आलीस,” त्या म्हणाल्या. “ही तेलाची बाटली घे, हिचा उपयोग होईल.” नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, बोलणं बेताचं. त्यानं विचारलं, “गिटार म्हणजे ती मधे भोक असलेली?”

“तीच.”

“मग जा की.”

मास्तरांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, खाली सायकलचं दुकान. त्यांनी तिच्या हातात गिटार दिली ती सगळी उलटी केलेली. जाड तारा जिथं असायच्या तिथं बारीक, बारीक तिथं जाड. तारा ज्या खाचांतून जातात ती वरची छोटी पट्टीसुद्धा त्यांनी नवी घासून बसवली होती. आता उजव्या हातानं तार दाबायची आणि डाव्यानं छेडायची. मास्तर आपली गिटार घेऊन समोर बसले. “आरशात बघताय असं समजा,” ते म्हणाले.

आरसा सोपा होता, तार नव्हती. दाबली तर खुट्ट असा, लाकडावर टिचकी मारावी तसा आवाज येई. जोरात दाबली तर शेजारच्या तारेला बोट लागून तीही मुकी होई. वर डाव्या हाताच्या आखूड बोटांत छेडायची चकती टिकेना. तिसऱ्यांदा निसटली ती थेट गिटारच्या पोटात गेली. मास्तरांनी गिटार पालथी धरून, बटण गिळलेल्या पोराला धरावं तशी हलवली, तेव्हा कुठं चकती बाहेर आली.

“हे माझ्यावर सोडा,” गोंदताई म्हणाली. पुढच्या आठवड्यात ती रेक्झिनची छोटी टोपी शिवून घेऊन आली. आत चकती शिवलेली, बोटाच्या आखूड टोकावर घट्ट बसणारी. बाइंडिंगचा दोरा, दुहेरी टाका. मास्तरांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि नुसती मान डोलावली. ती मान तिला फार दिवस पुरली.

एक गोष्ट तिच्या लक्षात येऊ लागली. तिला कुठं दुखणार, हे मास्तरांना आधीच कळायचं. “आता करंगळीशेजारच्या बोटाला मुंग्या येतील. आल्या की हात झटका,” ते म्हणत, आणि मुंग्या येत. “अंगठा मागून इतका आवळू नका, उद्या सुई धरवणार नाही.” खरंच, आदल्या आठवड्यात तिला सुई धरवली नव्हती. इतक्या वर्षांचा अनुभव, दुसरं काय, असं तिनं मनाशी म्हटलं.

मास्तरांनी दिलेली गिटार घेऊन घरी संध्याकाळी अर्धा तास ती खिडकीशी बसे. पहिला आठवडा सासूबाई म्हणत, “कुणीतरी डबा पाडतंय वाटतं.” दुसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, “आज डबा जरा सावकाश पडला.” नंतर त्या बोलायच्या थांबल्या, पण सी कॉर्डवरून जी कॉर्डवर जाताना ती अडखळली की आतून “हं” असा आवाज येऊ लागला. नवऱ्यानं एक दिवस न सांगता तिच्या पायाखाली घ्यायला लाकडी पाट करून आणला, एक पाय उंच ठेवायला. मास्तरांकडे तसा आहे हे ती सहज बोलून गेली होती, तेवढंच.

चौथ्या शनिवारी मास्तरांनी चहाचा कप पुढं केला. शिकताना तिचं सगळं लक्ष त्यांच्या तार दाबणाऱ्या डाव्या हाताकडे असे; कप घेताना मात्र तिची नजर त्यांच्या उजव्या हातावर गेली आणि तिथंच थांबली. नखं नव्हती. चाळीस वर्षं सांभाळलेली ती नखं मुळापर्यंत कापलेली होती. बोटांच्या टोकांवर बारीक आडव्या रेघा, आणि एका बोटाची साल निघत होती. तिनं कप खाली ठेवला आणि आपला उजवा हात त्यांच्या हाताशेजारी धरला. त्याच रेघा, तीच साल.

“मास्तर, हे काय?”

चोरी पकडल्यासारखं त्यांनी हात मागं घेतला. मग उठून कपाटामागून दुसरी गिटार काढली. तीही उलट्या तारांची.

“त्या पंधरा दिवसांत हेच करत होतो,” ते म्हणाले. “रोज सकाळी दोन तास. नखं ठेवून तार दाबता येत नाही, मग कापली.”

“पण का? समोर बसून आरशासारखं दाखवता, तेवढ्यावर भागलं असतं की.”

“दिसलं असतं तुम्हाला. पण दुखतं कुठं, ते मला कळलं नसतं. मी अकराव्या वर्षी शिकलो. नवशिक्याचं कुठं दुखतं, हे मी कधीच विसरून गेलोय. आणि उजव्या हाताचं तर मला कधी ठाऊकच नव्हतं.”

“मग तुमचं नेहमीचं वाजवणं?”

“नखं वाढतात हो ताई. ती काय दात आहेत?”

 गोंदताईनं चहा संपवला आणि गिटार पुन्हा मांडीवर घेतली.

परतताना ती चालत आली. आपण जाणार त्या वाटेनं कुणीतरी आधी जाऊन, खड्डे बघून, परत येऊन उभं राहतं, आणि त्याची वाच्यताही करत नाही. असं आपल्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं, असं तिला आधी वाटलं. मग कोपऱ्यावरच्या दवाखान्यापाशी ती थबकली. पहिल्यांदाच? बारा वर्षांपूर्वी हाताला बँडेज होतं, मुलगी सहा वर्षांची होती, तेव्हा तिच्या वेण्या कोण घालायचं? नवरा. पहिल्या दिवशी त्यानं त्या लिफ्टच्या दोरासारख्या आवळल्या होत्या, पोरीच्या भुवया वर चढल्या होत्या. महिनाभरात वर्गातल्या मुली विचारू लागल्या, वेणी कोण घालतं गं तुझी. तो हे कुणाकडून शिकला, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

आणि बरण्या. त्यांच्या घरात कुठल्याही बरणीचं झाकण कधी घट्ट नसे. साखरेला मुंग्या लागत, पीठ सादळे. “तुम्हाला एक झाकण नीट लावता येत नाही,” म्हणून सासूबाईंवर ती बारा वर्षं करवादत आली होती. ती भराभर चालू लागली.

घरी येऊन चपला न काढताच ती स्वयंपाकघरात गेली. सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या.

“आई, बरण्यांची झाकणं तुम्ही मुद्दाम सैल ठेवता?”

सासूबाईंनी मान वर केली नाही. “तेव्हा तुला घट्ट झाकण उघडत नव्हतं. सारखं ‘जरा उघडून द्या’ म्हणायला तुला आवडायचं नाही. मग सवय झाली.”

“आणि मुंग्यांवरून मी एवढी बोलायची, तेव्हा सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर तू घट्टच लावायला लावली असतीस. तुझा स्वभाव मला ठाऊक नाही होय?”

गोंदताई त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. काहीतरी बोलायचं होतं, पण घरच्या माणसांशी ते शब्द कुठून आणायचे, हे तिला उमगेना. “आई, मी तुमचे...” एवढंच ती म्हणाली.

“आभारबिभार मानू नकोस. मी काय शेजारीण आहे? त्यापेक्षा तो तुझा एफ का कोण, त्याला एकदा नीट वाजव. कान किटले माझे.”

संध्याकाळी नवरा आला. त्याला तिनं वेणीचं विचारलं. तो बूट काढता काढता म्हणाला, “ऑफिसातल्या टायपिस्टबाईंकडून शिकलो. जेवणाच्या सुट्टीत, सुतळीवर.” जरा थांबून म्हणाला, “सगळे हसायचे.” त्यावर ती हसली नाही. त्याच्या हातातले बूट घेऊन तिनं ते दाराशी नेऊन ठेवले. बारा वर्षांत असं काही ती पहिल्यांदाच करत होती. तो बराच वेळ तिच्याकडे संशयानं बघत राहिला.

एफ कॉर्ड यायला आणखी दोन महिने लागले. एक अख्खं बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबायच्या, म्हणजे नवशिक्याचा कर्दनकाळच. पण एका मंगळवारी तो खणखणीत वाजला. आतून सासूबाईंचं “हं” आलं नाही. म्हणून तिनं डोकावून पाहिलं, तर त्या दारात उभ्या होत्या. “पुन्हा वाजव,” त्या म्हणाल्या. तिनं वाजवला. मग त्यांनी खाली बसून कुठलीशी जुनी अंगाईची चाल गुणगुणायला सुरुवात केली आणि गोंदताई चार कॉर्ड घेऊन, धडपडत का होईना, त्यांच्यामागून गेली.

मास्तरांनी नखं अजून वाढवली नव्हती. आता शनिवारी दोघंही उलट्या गिटारी घेऊन बसत. “चाळीस वर्षांनी मला काहीतरी येईनासं झालंय,” ते एकदा म्हणाले. “फार बरं वाटतं. तुमचे उपकार आहेत.”

“उपकार म्हणे. तुम्ही वेडे आहात, मास्तर.”

वर्ष संपत आलं तेव्हा त्यांनी एक तीन कडव्यांचं गाणं काढलं. पहिलं कडवं दोघांचं बरोबर गेलं. दुसऱ्यात एफ आला. गोंदताईचं बोट वेळेवर जाऊन बसलं. मास्तरांच्या तारा मात्र खुट्ट करून गप्प झाल्या.

“तुम्ही पुढं व्हा, ताई,” तारांवर बोटं चाचपत ते म्हणाले. “मी येतो मागून.”

“थांबते की,” ती म्हणाली. “मुंग्या आल्यात का?”

“आल्यात.”

“हात झटका मग. सावकाश होऊ द्या.”

मास्तरांनी हात झटकला, बोटं पुन्हा मांडली आणि मान हलवली. मग दोघांनी ते कडवं पहिल्यापासून धरलं.