जिन्याखालची इस्त्री आणि बारकीचा शर्ट

मित्रांनो, तुम्ही धावत जिना उतरता तेव्हा खालच्या कोनाड्यात एक काळवंडलेलं पितळी धूड बसलेलं असतं. तुमच्यापैकी एकाने मला परवा कासव म्हटलं. कासव नव्हे बाळांनो, मी इस्त्री आहे. कोळशाची. सात किलो वजन, आणि वय विचारलंत तर मी खोटं सांगेन.

माझा जन्म पितळेच्या कारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने माझा तळ इतका घासला की त्यात त्याला स्वतःचे दात दिसू लागले. दोनच होते, पण स्पष्ट दिसले. पुढे दोन-तीन हात बदलून मी माझ्या मालकिणीकडे आले. तेव्हा तिच्या कडेवर दीड वर्षाची मुलगी होती. मुलीचा बाप कुठेतरी निघून गेला होता, आणि कुठे गेला ते शोधायला मालकिणीला सवड नव्हती. मुलगी हडकुळी होती, म्हणून सगळे तिला बारकी म्हणत.

या इमारतीच्या जिन्याखाली आमचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल, त्यावर जाडं ब्लँकेट, पाण्याचा तांब्या आणि चादरीत बांधलेली गाठोडी. मालकिणीला लिहिता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक घराची तिने दोऱ्याची खूण ठरवली होती. वकिलांच्या कॉलरला आतून लाल गाठ, डॉक्टरीणबाईंना पिवळी, गच्चीवरच्या भांडखोर म्हाताऱ्यांना काळ्या दोन. शर्टाची घडी घालण्याआधी तिची बोटं आपोआप कॉलरशी जात आणि गाठ मारून येत. वीस वर्षांत एका घरचा शर्ट दुसऱ्या घरी गेला नाही. लोक म्हणायचे, "या बाईच्या इस्त्रीवर माशी बसली तर घसरेल." तेव्हा मी आतल्या निखाऱ्यांसकट फुलून यायची.

बारकी टेबलाखाली बसून अभ्यास करायची. सात वर्षांची असताना तिने एकदा माझ्या मुठीला हात लावला. मालकिणीने तिला अशी थोबाडीत मारली की शेजारच्या टपरीतल्या चावीवाल्या काकांची कानस थांबली.

"हा हात यासाठी नाही," मालकीण म्हणाली. "पुन्हा इस्त्रीला शिवलीस तर हात मोडून ठेवीन."

"अहो ताई, पोर आहे," काका म्हणाले.

"पोर आहे म्हणूनच."

त्यानंतर बारकीने मला कधी हात लावला नाही. तिचे शाळेचे कपडेसुद्धा आईच करून द्यायची. ही चूक कुणाच्या ध्यानात आली नाही. माझ्याही नाही.

बारकी मोठी झाली, रोज पहाटे मैदानावर पळू लागली आणि एक दिवस सैन्यात भरती झाली. चोवीस आठवड्यांचं प्रशिक्षण. मालकिणीने पेढे वाटावेत तशी ती बातमी गाठोड्यांबरोबर घरोघर वाटली. "आमची बारकी," असं म्हणून ती थांबायची. पुढचं वाक्य तिला जमायचं नाही.

रविवारी संध्याकाळी फोन यायचा. दोन्ही हात कामात असल्यामुळे मालकीण फोन स्पीकरवर ठेवून माझ्याच शेजारी टेकवायची. त्यामुळे पुढचं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

"आई, इथे दर सोमवारी कपडे तपासतात. बाहीवर एकच रेघ हवी, सुरीसारखी. माझ्या तीन-तीन पडतात."

"तुझ्या? माझ्या पोरीच्या?"

"तेच तर सगळ्या म्हणतात. इस्त्रीवालीची पोरगी आणि अंगावर सुरकुत्यांचा नकाशा. शिट्टीने मला तीनही सोमवारी ढकललं मैदानात. दुपारभर हात वर करून."

शिट्टी म्हणजे त्यांची प्रशिक्षक बाई. तिच्या गळ्यात सदैव शिट्टी असायची, म्हणून मुलींनी हे नाव पाडलं होतं.

"आधी पाणी शिंपड. मग शिवणीवर शिवण ठेव. मग…" मालकिणीने हवेत हात फिरवला. फोनमध्ये तो दिसणार कसा?

"आई, सहा सोमवार नापास झाले तर नाव वर जातं."

मालकिणीचा हात जागीच थांबला. तिच्या हाताखाली वकिलांचा शर्ट होता आणि मी त्यावर उभी होते. वास आला तेव्हा तिने मला उचललं. वीस वर्षांत तिच्या हातून जळालेला तो पहिला शर्ट.

प्रशिक्षण केंद्राच्या फाटकाशी पत्र्याची एक शेड होती. तिथे दर रविवारी दुपारी घरच्यांना अर्धा तास भेटता यायचं. लगेचच्या रविवारी मालकीण गेली, तिने बारकीचा जादा गणवेश पिशवीत घालून घरी आणला आणि पुढच्या रविवारी कडक करून परत दिला. त्याच वेळी मळका घेतला. असं सुरू झालं. बाहेरून कपडे करून आणायला सक्त मनाई होती, हे दोघींना ठाऊक होतं. मला खळ लावलेल्या त्या शर्टावर फिरताना फार आनंद व्हायचा. खोटं कशाला बोलू?

सहाव्या आठवड्यात फोनमधून हसू ऐकू आलं. "आई, शिट्टीने सोमवारी माझा शर्ट सगळ्यांना दाखवला. म्हणाली, याला म्हणतात इस्त्री."

"मग!" मालकीण म्हणाली, आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

नवव्या आठवड्यात फोन आला तेव्हा बारकीने थेट विचारलं.

"आई, तू कॉलरला गाठ मारलीस?"

मालकिणीने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. हिरवी गाठ. वीस वर्षांची सवय, बोटांनी तिला न विचारताच मारली होती. कुणाच्या घरी चुकून जाऊ नये म्हणून लेकीलाही एक रंग दिला होता.

"शिट्टीला सापडली. म्हणाली, हे काय? मी म्हटलं, आमची घरची पद्धत, मीच बांधते. ती म्हणाली, इस्त्री कोणी केली? मी म्हटलं, मी. मग तिने मला टेबलावर उभं केलं. आणि बाकीच्या एकोणतीस जणींना खडीवर कोपरांनी सरपटायला लावलं. म्हणाली, ही खरं बोलेपर्यंत."

"मग बोलायचंस ना, बारके!"

"बोलले असते तर तुला तिथे कायमची बंदी, आणि माझ्या नावावर शेरा. मी नाही बोलले. तासभर. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीचा खांदा निखळला. ती ओरडत होती आणि मी स्वच्छ शर्ट घालून बघत होते." ती थांबली. "आता माझ्याशी कुणी बोलत नाही. माझ्या ताटात थुंकतात. पण मी काढीन, पंधराच आठवडे राहिलेत. तू फक्त एक कर. येऊ नकोस. कुणाला काही सांगू नकोस. गप्प बस."

"अगं पण चूक माझी…"

"आई, गप्प बस."

फोन बंद झाला. मालकीण आठवडाभर कामात होती आणि नव्हती. चावीवाल्या काकांनी तिला परोपरीने सांगितलं.

"ताई, पोरीने नको म्हटलंय ना? मग नको."

"तिच्या ताटात थुंकतात हो काका. मी जाऊन नीट सांगते. बाईमाणूसच आहे ती शिट्टी. तिलाही आई असेल."

"असेल. पण ती आत्ता ड्यूटीवर नसेल."

मालकिणीने ऐकलं नाही. रविवारी तिने मला थंड करून, राख झटकून पिशवीत घातलं. पुरावा म्हणून! आयुष्यात पहिल्यांदा मी दोन गावं ओलांडली, तीही साक्षीदार होऊन.

शिट्टी शेडच्या तोंडाशी उभी होती. तरुण होती. शर्टाला एकही सुरकुती नव्हती, चेहऱ्यालाही नाही. मालकिणीने मला बाकावर ठेवलं आणि हात जोडले.

"मॅडम, माझ्या बारकीची काही चूक नाही. शर्ट मी केले. या इस्त्रीने केले. ती गाठसुद्धा माझीच. शिक्षा करायची तर मला करा."

शिट्टीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मालकिणीकडे. आवाज अजिबात चढवला नाही.

"किती शर्ट?"

"चार. नाही, पाच. तिला काही येतच नाही हो मॅडम, मीच कधी शिकवलं नाही."

"म्हणजे ती माझ्याशी खोटं बोलली. तासभर. एकोणतीस मुली समोर लोळत असताना." शिट्टीने खिशातून वही काढली. "बाई, बाहेरून इस्त्री करून आणली, याची शिक्षा आठ दिवस जादा काम. ती मी तिला त्याच दिवशी दिली असती. संशय होता, पुरावा नव्हता, म्हणून परवा मी तो विषय बंद केला होता."

"मग आता?"

"आता खोटं बोलणं सिद्ध झालं. त्याला एकच शिक्षा आहे. ही तुकडी सोडायची. पुढच्या तुकडीबरोबर पहिल्या दिवसापासून सुरुवात. तीही, वरच्यांनी ठेवली तर."

"आणि हे दहा आठवडे?" मालकिणीने विचारलं.

"पाण्यात. तुम्ही आला नसतात तर गेले नसते." ती वळली, मग थांबून म्हणाली, "इस्त्री चांगली करता."

बारकी शेडच्या खांबाशी येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं. ती रडली नाही. आईकडे तिने असं पाहिलं की मी लोखंडाची असते तर गंजले असते.

मित्रांनो, पुढची तुकडी वीस दिवसांनी सुरू व्हायची होती. तोवर बारकीला घरी पाठवलं. पहिले दोन दिवस ती आईशी एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखाली आली, माझं झाकण उघडलं, कोळसे भरले आणि पेटवले.

मालकीण म्हणाली, "ठेव ते. मी करते."

"शिकव."

"बारके, हात भाजेल."

"शिकव म्हटलं ना. तेवढं तरी कर."

मालकिणीने पदर खोचला. मग तिने पुठ्ठ्याचा पंखा बारकीच्या हातात दिला, आणि त्या क्षणापासून माझ्या मालकिणीच्या जागी कुणी दुसरीच आली. बारकीने पहिला शर्ट केला. मालकिणीने तो उचलला, बघितला, चुरगाळला आणि जमिनीवर टाकला.

"पुन्हा."

दुसरा केला. चुरगाळला. "पुन्हा. मनगट कशाला दाबतेस? वजन तिचं आहे, तुझं नाही."

अकराव्या शर्टाला बारकीच्या मनगटाला माझी कड लागली. चामडी पांढरी पडली. तिने आईकडे पाहिलं. लहानपणी खरचटलं तरी ही बाई तास तास फुंकर घालायची. आज तिने तांब्यातलं पाणी हातावर ओतलं आणि म्हणाली, "पुन्हा."

"तुला मजा वाटतेय," बारकी म्हणाली.

"हो. पुन्हा."

चावीवाले काका टपरी सोडून आले. "ताई, पुरे करा."

"तुम्ही तुमच्या किल्ल्या घासा."

पाचव्या दिवशी बारकीने मला दोन्ही हातांनी उचललं आणि टेबलावरून फेकलं. माझी बिजागरी तुटली, झाकण उडालं, निखारे जमिनीवर विखुरले. दोन मालकिणीच्या पावलावर पडले. ती ओरडली नाही. पाय झटकला, चिमट्याने एकेक निखारा गोळा करून माझ्या पोटात परत टाकला आणि तारेने माझं झाकण बांधलं. पाऊल भाजलेलं तसंच. मग बाजूला सरकून तिने लेकीला जागा करून दिली.

"पुन्हा," ती म्हणाली. या वेळी आवाज फाटला होता.

बारकी तिच्या पावलाकडे बघत राहिली. मग तिने शर्ट पसरला, पाणी शिंपडलं, शिवणीवर शिवण ठेवली.

विसाव्या दिवशीचा शर्ट मालकिणीने चुरगाळला नाही. बारकीने तो पिशवीत भरला आणि ती गेली. जाताना आईला म्हणाली, "शेवटच्या दिवशी परेडला ये. पण काही आणू नकोस. आणि कुणाशी काही बोलू नकोस. कुण्णाशी."

"नाही बोलणार."

चोवीस आठवडे फोन यायचे, पण अर्ध्या मिनिटाचे. "बरी आहे." "जेवलीस?" "हो." "ठेवते." कपड्यांचा विषय एकदाही निघाला नाही.

परेडच्या दिवशी मालकीण रिकाम्या हातांनी गेली. मी इथेच होते. दुसऱ्या दिवशी तिने काकांना सांगितलं तेव्हा ऐकलं.

"ताई, कशी दिसत होती पोर?"

"ताठ. बाहीवर एकच रेघ. तीन तास उन्हात, पण हलली नाही. रेघ हो, बारकीही."

"भेटलात ना मग?"

मालकिणीने एक गाठोडं सोडलं. "परेड संपल्यावर सगळे लेकींना मिठ्या मारत होते. मी कुंपणाशी उभी होते. ती शिट्टी सरळ माझ्याकडे आली. म्हणाली, तुम्हीच ना बारकीच्या आई? मी काही बोलले नाही. तिने पुन्हा विचारलं. म्हणाली, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"मग?"

"मी मान हलवली. नाही, म्हणून. मी तिची आई नाही."

काकांच्या हातातली किल्ली तशीच राहिली. "अहो ताई!"

"कबूल केलं होतं हो. मागच्या वेळी तोंड उघडलं तर काय झालं!"

"कौतुक करायचं असेल तिला."

"असेल."

"आणि बारकी?"

"तिच्या मागेच होती, दहा पावलांवर. तिने ऐकलं." मालकिणीने डॉक्टरीणबाईंचा झगा झटकला. "तीही काही बोलली नाही. शिट्टी निघून गेली, मग बारकी बसमध्ये बसली. आता लांब पाठवणार आहेत म्हणे."

काका किल्ली घेऊन आपल्या टपरीत गेले.

मित्रांनो, मी पितळेची आहे. मला काय कळतं? तरी एक विनवणी ऐका. तुमची आई जे काम करते ते एकदा तरी तिच्या हातातून मागून घ्या. ती रागावेल, हाकलेल, हात मोडीन म्हणेल, तरी मागा. लहानपणी थोडंसं भाजेल, आणि तेव्हा ती फुंकर घालेल. उशीर केलात तर तिला फुंकर घालता येणार नाही. तिच्या तोंडात "पुन्हा" एवढा एकच शब्द उरेल.