गोळ्यांच्या रकान्यात ‘नाही’

मधली गोठ्यात शेण भरत होती आणि थोरला दारात उभा राहून तिला किडनी द्यायला सांगत होता. मी शेजारची, दूध न्यायला गेले होते, म्हणून सगळं कानावर पडलं.

“काही होत नाही गं. एका किडनीवर माणूस आरामात जगतो. महिनाभरात परत धारा काढायला बसशील.”

“बरं,” ती म्हणाली. पाटी उचलली आणि कंबर धरून क्षणभर तशीच थांबली. थोरल्यानं ते पाहिलं, पण पाटीला हात लावला नाही.

थोरला आणि धाकटा या दोन भावांमधली, म्हणून ती मधली. नवरा वारल्यावर भावांकडे आली आणि आल्या दिवसापासून सहा म्हशी तिच्या गळ्यात पडल्या. धाकट्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा शहरात जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यायचा आणि परत आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्याला कडेवर घेऊन तिनंच वाढवलेला. ती नाही म्हणणार नाही, हे थोरल्याला पक्कं ठाऊक होतं.

तरी त्यानं मला बाजूला घेतलं. “काकू, तुमचं ती ऐकते. दाढ काढण्यासारखंच असतं म्हणावं.”

मी लोकांचे कपडे शिवणारी बाई. मला किडनीतलं काय कळतंय? पण मी म्हटलं. अगदी तसंच म्हटलं. त्या वाक्याची अजून किळस येते मला.

दवाखान्यात मधलीनं मलाही बरोबर नेलं. डॉक्टरीणबाईंच्या समोर थोरल्यानं भरून दिलेला फॉर्म होता. त्या त्याला म्हणाल्या, “तुम्ही बाहेर बसा.”

“तिला काय कळतंय? मीच सांगतो सगळं.”

“किडनी तिची आहे ना? मग तिलाच कळू दे.”

तो बाहेर गेला, पण दार अर्धं उघडं ठेवून तिथंच उभा राहिला.

बाईंनी कागदावर दोन किडन्या काढल्या, एक खोडली. “बहुतेक जण दिल्यानंतर चांगले राहतात. पण उरलेलीवर दोन्हींचं काम पडतं. पुढं रक्तदाब वाढू शकतो. दर वर्षी तपासणी करायची, आयुष्यभर.”

“म्हणजे माझंही धाकट्यासारखं होऊ शकतं?”

“शक्यता कमी. पण किडनी न दिलेल्या धडधाकट माणसापेक्षा थोडी जास्त. हे कुणी सांगितलं नव्हतं?”

मधलीनं माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं.

“दुखण्याच्या गोळ्या रोज घेता का? त्यांनीही किडनी बिघडते. इथं ‘नाही’ लिहिलंय.”

“नाही घेत,” दारातून थोरला ओरडला.

मधली दाराकडं बघत राहिली. भावाला तोंडावर खोटं कसं पाडायचं? त्या गोळ्यांची पाकिटं मेडिकलमधून मीच आणत होते.

“रोज दोन,” मी म्हणाले. “कंबरेसाठी. सहा वर्षं झाली.”

“काकू, तुम्ही मध्ये पडू नका!”

“काकू खरं सांगतायत, दादा,” मधली शांतपणे म्हणाली. “तुलाही माहीत आहे. गोळी संपली की तूच ओरडतोस, आता धारा कोण काढणार म्हणून.”

बाईंनी फॉर्म बाजूला सारला. तपासण्या झाल्या. तिचा रक्तदाब आधीच चढलेला होता, लघवीतून प्रथिनं जात होती.

“यांची किडनी घेता येणार नाही,” चार दिवसांनी बाई म्हणाल्या. “यांनाच उपचार हवेत. एक काढली असती, तर उद्या धाकट्या भावाच्या शेजारी मशीनवर पडल्या असत्या.”

थोरल्यानं विचारलं काय? “म्हणजे आमच्या एवढ्या खेपा वाया गेल्या?”

बहिणीला काय झालंय, औषध कुठलं, एक अक्षर नाही. म्हैस घ्यायची तर हा माणूस तिचे दात बघतो, कास चाचपतो, चार जणांना विचारतो.

“तुमचाही रक्तगट जुळतो,” बाई त्याला म्हणाल्या. “तुमची तपासणी करायची का?”

थोरला खुर्चीत बसला. आणि मग सुरू झाला. रक्तदाब वाढतो म्हणजे किती? ओझं उचलता येतं का? आयुष्य कमी होतं का? दुसरी बिघडली तर आधी कळतं का? तासभर विचारत होता. बाईंनी एकेक गोष्ट नीट सांगितली. शेवटी म्हणाला, “हे सगळं लिहून द्या. विचार करून सांगतो.”

तेव्हा पेरण्या चालल्या होत्या. आता कापण्या झाल्या. त्याचा विचार चालूच आहे.

मधलीनं त्या गोळ्या सोडल्या. पाटी उचलणार नाही म्हणून घरात सगळ्यांसमोर सांगितलं, आणि आता शेण थोरला भरतो. धाकट्याबरोबर बसनं तीच जाते. तो मशीनवर असतो तेवढ्यात स्वतःचा रक्तदाब बघून घेते.

परवा मी न राहवून थोरल्याबद्दल चार शब्द बोलले. ती म्हणाली, “राहू द्या काकू. त्याचं शरीर, त्याची मर्जी. त्याला सगळं सांगून विचारलंय. नाही म्हणाला तरी चालेल.”

तिच्याएवढं मोठं मन माझं नाही. थोरला समोरून जायला लागला की मी मान खाली घालते आणि शिलाई मशीन जोरात चालवते, त्याची हाक ऐकू येऊ नये म्हणून.