उघड्या टोकाचा चौक

मी उंदरांवरच्या प्रयोगांसाठीचा एक जुना लाकडी चौक आहे. टेबलाएवढा उंच, चार दिशांना पसरलेले चार हात. दोन हातांना भिंती, दोन सताड उघडे. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात हरेश मिस्त्रीने मला घडवलं. पण त्याला काही चैन पडेना.

"मॅडम, ह्या साइडला पण पट्टी मारून देतो ना! उंदीर पडेल."

"नको. कुठे जायचं ते त्यालाच ठरवू दे," हिमानी म्हणाली.

हिमानी अंबरनाथच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करायची. मित्रांनो, उंदराला उघड्यावर धास्ती वाटते, पण नवी जागा हुंगायची ओढही आवरत नाही. माझ्या मध्यावर सोडलेला प्रत्येक उंदीर या ओढाताणीत थरथरत उभा राहायचा. मेंदूतल्या पेशींवर ग्राही असतात, निरोप आत घेणारी इवली दारं. कुठलं दार मिटलं की भीती वाढते, कुठलं मिटलं की उमेद जाते, ते हिमानी शोधत होती.

कातरलेल्या कानाचा एक उंदीर भलता धीट होता. सोडला की थेट उघड्या टोकाला! तिथून मान काढून खाली बघायचा.

एका संध्याकाळी हिमानीचे बाबा, श्यामकांत, तिला न्यायला आले. घरी त्यांचा मुलगा वरद नोकरीच्या मुलाखतीला निघायचा आणि रिक्षा स्टँडवरूनच परत फिरायचा. हल्ली तर खोलीबाहेरही येईना. बाबा त्याला भित्रा म्हणत, आळशीही म्हणत.

काचेपलीकडून त्यांनी पाहिलं. माझ्या भिंतीआड एक उंदीर अंग चोरून बसला होता. समोरच्या दाण्याकडेही बघेना.

"कसला घाबरट आहे हा!"

"बाबा, कान बघा त्याचा. मागे मी तुम्हाला व्हिडिओत दाखवलेला धीट उंदीर, तो हाच."

"मग आज काय झालं ह्याला?"

"औषधाने एक दार मिटलंय. बाकी उंदीर तोच."

श्यामकांत काचेच्या आणखी जवळ सरकले. "म्हणजे आपल्या वरदचं पण..."

"उंदरावरून माणसाचं इतकं सरळ नाही सांगता येत. पण डॉक्टरांना विचारू तर शकतो ना?"

त्यांनी तिथेच फोन लावला. "वरद, जेवलास का रे? उद्या आपण दोघं डॉक्टरकडे जाऊ. नाही रे, ओरडत नाहीये. मी आहे ना सोबत."

औषध उतरल्यावर तो उंदीर पुन्हा टोकाला येऊन उभा राहिला. त्याची धडधड माझ्या लाकडात उतरली, आणि मी थक्क झालो. वरदला मात्र वेळ लागला. काही दिवस बरे गेले, काही वाईट. पण थंडी पडली तेव्हा हिमानीला न्यायला तोच आला. एकटा.

आता नवा चौक आलाय, मी अडगळीत आहे. मित्रांनो, वाटाण्याएवढ्या मेंदूत एवढं भय आणि एवढी ओढ कशी मावते, ते मला अजून उमगलेलं नाही. एवढंच मागतो. कुणी उंबऱ्याशी अडलं, तर त्याला हिणवू नका. जरा त्याच्या शेजारी बसा.