ढिले सांधे

खंडूला ढिलं म्हणून काही खपायचंच नाही. भाईंदर पश्चिमेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात बारा वर्षं फिटर. कढईचा कान जरा हलला की याचं डोकं फिरलंच. माणूस वाईट नव्हता हो, पण हात स्वस्थ बसायचे नाहीत.

त्र्याण्णव साली त्याचा दोस्त, जवळच्या मुर्धा गावचा अमृत, जहाजावरच्या नोकरीवरून परतताना जपानचा एक खोका घेऊन आला. आत लढाऊ विमानाचे शंभरेक सुटे तुकडे. जोडले की विमान आणि मुडपलं की दोन पायांवर उभा रोबो! "माझ्या पोरांना न्हाय जमत. तुझी पंचशीला हुशार हाय," म्हणून तो खोका देऊन गेला.

पंचशीला तेव्हा नववीत. कागदावर सगळं जपानी, म्हणून पोरगी चित्रं बघून जोडत गेली. तुकडे कापायला नेलकटर, घासायला बापाच्या कारखान्यातला पॉलिश पेपर. "भाकरी कोण थापणार, तुझं विमान?" असं तिची आई वैजयंता ओरडायची, आणि शेजारणींना बोलावून तीच विमान दाखवायची. वर्गातला मितेश म्हणाला होता, "लडकी से नहीं होगा." सोमवारी शाळेच्या प्रदर्शनात सगळ्यांसमोर रोबो उभा करीन, असं हिनं त्याला ठणकावलं होतं.

रविवारी सकाळी मायलेकी विहारात वंदनेला गेल्या. घरी एकट्या खंडूनं विमान हातात घेतलं. पंख हलतोय, पाय लुळे, मान डुगडुगतेय! "अरारारा! महिनाभर राबून पोरीनं सगळं ढिलंच ठेवलंय. उद्या चारचौघांत हसं होईल की तिचं." त्यानं चिकटवायच्या सोल्युशनची ट्यूब काढली आणि एकूण एक सांधा पक्का करून टाकला. वर प्रेमानं फुंकरही घातली.

पंचशीला आली. विमानाचा पाय ओढून पाहिला. हलेना.

"पप्पा, काय केलं तुम्ही?"

"पक्कं करून दिलं."

"ते हलायलाच हवं होतं, पप्पा."

रडली असती, भांडली असती तर परवडलं असतं. ती नुसती भिंतीला टेकून बसली.

खंडू जेवला नाही. बारीक ड्रिल आणि डब्यांच्या कड्या ठोकायची रिबिटं घेऊन बसला. एकेक सांधा कापायचा, भोक पाडायचं, रिबिट घालायचं. पण जन्मभर घट्ट ठोकणाऱ्या हाताला ढिलं ठोकता येईना.

"अजून ढिलं, पप्पा," पंचशीला आता त्याच्या शेजारी सरकली होती.

"अगं, पडेल!"

"पडू दे. अजून ढिलं."

चहाच्या वेळेला रोबो ओट्यावर उभा राहिला. एका गुडघ्यात लंगडा, पण उभा. सोमवारी मितेशनं विचारलं, "ये घुटने में क्या लगाया?" आणि ती ऐटीत म्हणाली, "मेरे पप्पा का रिबिट."

काय दिवस होते ते! आता खंडूचेच गुडघे धरलेत. पंचशीला रोज तेल चोळून त्याचा पाय हळूहळू वाकवते. तो कण्हतो, पाय ताठ धरतो, "सोड गं, मोडशील!" म्हणून चिडतो.

"अजून ढिलं, पप्पा," ती म्हणते.

खंडू फळीवरच्या लंगड्या रोबोकडे बघतो आणि पाय तिच्या हातात सोडून देतो.