खोडलेली बारा वर्षं

मी एक चिठ्ठी बोलतेय. प्रेमाची नव्हे, लगेच कान टवकारू नका. शब्दकोशाच्या कचेरीतली, जाड कागदाची, तळहाताएवढी चिठ्ठी. माझ्या माथ्यावर एक इंग्रजी शब्द आहे, ‘स्मोल्डर’. तो लिहिला गेला त्या दिवसापासून माझा कुणावर विश्वास नाही. शब्दच तसा आहे. वर सगळं शांत, आणि आत आग.

कोशाचं काम दोन सख्ख्या बहिणी करायच्या, समोरासमोर टेबलं टाकून. थोरली सरळ अर्थ लिहायची, धाकटी लाक्षणिक अर्थ आणि उदाहरण. थोरलीने माझ्यावर लिहिलं, ‘ज्वाळा न उठता आतल्या आत जळत राहणे, धुमसणे.’ अक्षर टपोरं, तक्रारीला जागा नाही. मग मी पलीकडे गेले. धाकटीने लिहिलं, ‘राग मनात दाबून ठेवणे.’ खाली उदाहरण दिलं, ‘ती वरवर हसत होती, पण गेली बारा वर्षं आतून धुमसत होती.’

थोरलीने ती ओळ वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मला तेव्हाच शंका आली. तिने ‘बारा’ खोडून ‘कित्येक’ केलं. धाकटीला वाटलं, माझं लिहिणं हिच्या डोळ्यांत खुपतंय. तिने हट्टाने पुन्हा ‘बारा’ लिहिलं. मग थोरलीने शेरा मारला, ‘अनावश्यक’.

आठवडाभर हेच. चहा एकत्र, डबा एकत्र, बोलणं मात्र साखर पुरे का एवढंच. मी खोडून खोडून झिजले, त्याची कुणाला पर्वा नव्हती. छापखान्याचे निरोप येत होते आणि माझं पान अडून बसलं होतं.

शेवटी थोरलीने मला दोघींच्या मध्ये ठेवलं.

“हे माझ्याबद्दल आहे ना?”

“उदाहरण आहे ते. बारा काय नि पंधरा काय.”

“आईच्या आजारपणात मी आले नाही, त्याला बारा वर्षं झाली. मला कळत नाही का?”

धाकटीने पेनाला टोपण लावलं. “तेरा झाली, ताई. तुझ्याबद्दल असतं तर तेराच लिहिलं असतं. शेवटचे चार दिवस दार वाजलं की आई तुझं नाव घ्यायची.”

थोरली रडली. आईला तशी बघायची भीती वाटली, एवढंच म्हणाली. धाकटीने तिला माफ केलं असं काही नाही. पण उठून गेलीही नाही. कचेरी बंद होईपर्यंत दोघी आईबद्दल बोलत होत्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

कोश छापून झाला. माझ्या शब्दापुढे उदाहरण नाही. मी खणात पडून असते. स्वभाव जात नाही, त्यामुळे त्या सगळं बोलल्या असतील यावर माझा अजून विश्वास नाही. तुम्ही कोश उघडलात आणि ती जागा रिकामी दिसली, तर तुमच्या मनात एखादं माणूस येईल. येतंच. त्याच्याबद्दल तिथे वाक्य लिहू नका, त्याला जाऊन विचारा. थोरलीनेही धाकटीला विचारलं, पण दार वाजलं की तिचं नाव घेणारी आई तोवर उरली नव्हती.