निळ्या दोऱ्याचे तुकडे

शर्टांच्या कारखान्यात आमच्या टेबलावर सहा मशिनं आहेत. टेबलाची प्रमुख मी. तोंडावर सगळे ताई म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते मी विचारायला जात नाही.

टेबलावरचे सगळ्यांत म्हातारे मास्तर निळ्या दोऱ्याने कॉलर बसवत, आणि शेजारची नवी बाई त्याच कॉलरीवर पांढऱ्या दोऱ्याने वरची टीप मारी. नवी लांबच्या मुलखातून आलेली. आमची भाषा छान शिकली होती, पण शब्द मोजूनमापून वापरी. रोज तिचे दहा-बारा शर्ट कमीच भरत.

"गोगलगाय आणि पोटात पाय!" काजं करणारी म्हणायची. "टेबलाखाली काय करत असते देव जाणे."

कामावर कायम करण्याआधीची तिची तीन महिन्यांची परीक्षा शनिवारी संपत होती. मी तिच्या कागदावर लिहून ठेवलं होतं, 'काम हळू करते.' सही तेवढी राहिली होती. नोकरी गेली तर तिला दोन लेकरांना घेऊन परत जावं लागणार, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच सही रेंगाळत होती.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत खुंटीवरचा तिचा एप्रन खाली पडला. उचलायला गेले, तर खिशातून दोऱ्याचे तुकडे सांडले. बारीक, कुरळे आणि निळे. निळं रीळ तर फक्त मास्तरांच्या मशीनवर.

"मास्तरांच्या कॉलरी उसवतेस?"

तिने मान खाली घातली. "वाकड्या बसलेल्याच. उसवून माझ्या दोऱ्याने परत बसवते."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"आणि बोलायला काय झालं होतं? तोंडाला टाके घातलेत का?"

"आमच्याकडे वडीलधाऱ्यांची चूक त्यांना दाखवत नाहीत, ताई. गुपचूप नीट करतात. त्यांनी विचारलं, तरच सांगायचं."

"अगं, आमच्याकडे तोंडावर सांगितलं नाही, तर माणूस पाठीमागे कापतो म्हणतात!"

मागे डब्याचं झाकण वाजलं. मास्तर उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"अस्सं," ते म्हणाले. "मला वाटायचं, डोळे अधू झाले तरी हात शाबूत आहेत. ते हात हिचे होते होय!"

हसलं कुणीच नाही. मास्तर मशीनवर बसले, चष्मा पुसला, सकाळची एक कॉलर उचलून तिच्यापुढे धरली.

"पोरी, आता विचारतो. कशी बसलीय?"

तिने शिवणीवरून बोट फिरवलं, लेकराच्या कपाळाला हात लावून ताप बघावा तसं. "डावीकडे दोन दोरे उतरलीय, बाबा."

"एवढ्या वर्षांत मी कुणाला विचारलंच नाही," मास्तर म्हणाले. "सोमवारी डोळे दाखवून येतो. तोवर तू बघ."

दुपारभर तेच चाललं. टीप घालण्याआधी मास्तर कापड टाचून पुढे करत, "पोरी?" म्हणत. ती म्हणे, "ठीक," नाहीतर, "जरा वर, बाबा." सुई आपली धावत राहिली, पुढे दोरा, मागे दोरा. संध्याकाळी काजं करणारीपुढे शर्टांचा डोंगर साचला.

"ए गोगलगायी, जरा दमानं की!" ती ओरडली. "माझे हात दोनच आहेत!"

शनिवारी मी नवीला बोलावलं. माझा कागद तिच्यापुढे ठेवला. मीही तिच्यापेक्षा मोठीच. मग तिच्याच रीतीने जायला हवं.

"विचारते तुला. यात काही चुकलंय?"

तिने कागद वाचला. मग एक बोट हलकेच पुढे आलं आणि 'हळू'वर टेकलं.

मी पेन उघडलं.