मांडीवरचं दप्तर

बंगळुरूच्या बसमध्ये एक न लिहिलेला कायदा आहे. बसलेल्यानं उभ्याचं ओझं घ्यायचं. विचारायचं नाही, आभारबिभार मानायचे नाहीत. उभी असलेली खांद्यावरून दप्तर उतरवते, बसलेली खिडकीबाहेर बघता बघता मांडी पुढे करते, झालं. दोन अनोळखी बायांमध्ये याहून जास्त बोलणं होत नाही.

कस्तुरीला हा कायदा कुणी शिकवला नव्हता. जूनमध्ये, मॅजेस्टिकच्या बसस्टँडहून एचएसआर लेआउटला जाणाऱ्या बसमध्ये ती पाठीवर दप्तर घेऊन गर्रकन वळली आणि मागच्या आजींचा चष्मा उडाला. तेवढ्यात तिसऱ्या सीटवरच्या एका बाईनं दप्तराचा पट्टा धरून ओढला आणि रडणारं पोर घ्यावं तसं ते मांडीवर घेतलं. आजींचा चष्मा सापडला, कस्तुरीची लाज मात्र सिल्क बोर्डचा स्टॉप येईपर्यंत गेली नाही. तेव्हापासून ती बाई रोज त्याच सीटवर आणि दप्तर रोज तिच्या मांडीवर.

आता आठवीतली पोरगी रोज राजाजीनगरच्या शाळेतून एवढं शहर ओलांडून एचएसआरला का जात होती, तर तो तिचाच हट्ट. नागपूरहून आल्यावर कस्तुरी आणि तिची आई शुभदा दोन वर्षं राजाजीनगरात भाड्यानं राहिल्या. बाबा नागपूरलाच, बँकेत. खालच्या मजल्यावर निधी राहायची. तिच्या घरी अर्धी मराठी, अर्धी कन्नड. शाळेत सोबत, जिन्यात सोबत, आजारी पडल्या तरी सोबतच. मग आईचं ऑफिस बदललं, घर बदललं, आणि एचएसआरच्या नव्या घरापासून चालत जाण्याजोगी शाळा आईनं शोधूनही ठेवली.

"मी निधीला सोडणार नाही," कस्तुरीनं जाहीर केलं. "बसनं जाईन."

"अगं, इथल्या ट्रॅफिकमध्ये? मेट्रो अजून नुसती खांबांवर उभी आहे."

"जाईन म्हटलं ना."

"दसऱ्यापर्यंत बघू," आई म्हणाली. "त्या शाळेत एक जागा आहे. दमलीस तर सांग, त्यात काही हार नाही."

पण कस्तुरीच्या लेखी होती. हट्ट करून मिळवलेली गोष्ट नको झाली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

आणि ती नको होत चालली होती. शाळा सुटली की निधी थ्रोबॉलच्या सरावाला थांबायची आणि कस्तुरी बस पकडायला धावायची. सुरुवातीला निधीचे फोन बसमध्ये यायचे. मग टीममधल्या मुलींचे किस्से जास्त आणि फोन कमी. मग फोनही थांबले. भांडण काही नव्हतं. भांडण असतं तर बरं, ते मिटवता तरी येतं.

एके दिवशी बस डेअरी सर्कलला अडकली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. सगळी बस फोनवर बोलत होती, कुणी कन्नड, कुणी तमिळ, कुणी तेलुगू. कंडक्टर आधार कार्डं बघून कर्नाटकातल्या बायकांना फुकटचं तिकीट देत येत होता. कस्तुरीच्या आधारवर नागपूरचा पत्ता, म्हणून सगळ्या बायकांत ती एकटीच तिकीट काढणारी. तिनं कानातले इअरबड सारखे केले. ते कधीचेच बिघडले होते. फोन दप्तराच्या पुढच्या कप्प्यात, दप्तर त्या बाईच्या मांडीवर.

"हॅलो, निधी?" ती म्हणाली. सहज, कसं वाटतं ते बघायला.

बरं वाटलं.

मग ते रोजचंच झालं. मराठी कुणाला कळतंय इथे, म्हणून कस्तुरी बिनधास्त बोलायची. "ऐक ना निधी, तो शिट्टीवाला कंडक्टर आलाय आज. आणि माझी दप्तरवाली आंटी आहेच. तिचं नाक बघशील तर हसून हसून मरशील, थेट कांदाभजं." मध्येच थांबायची, पलीकडचं ऐकल्यासारखी हसायची. मग गर्दी वाढली, अंधारून आलं की आवाज हळू व्हायचा. "डब्याच्या सुट्टीत मी लायब्ररीत असते गं. नाही, वाचत नाही काही, डबा खाते. तुमच्या टेबलावर जागा नसते ना. नाही, तुझ्यावर नाही रागावले मी."

घरी पोचल्यावर आई विचारायची, "कशी झाली शाळा?" त्यावर उत्तर ठरलेलं, "मस्त. निधीनं रव्याचे लाडू आणले होते."

दसरा तोंडावर आला. मडिवाळ्याच्या सिग्नलला बस उभी होती आणि कस्तुरी रंगात आली होती. "हो हो, उद्या तू आणि मी सोबतच बसू. प्रॉमिस ना?"

आणि दप्तर वाजलं.

वाजलं म्हणजे चांगलं ठणाणा वाजलं. बाईनं शांतपणे पुढच्या कप्प्याची चेन उघडली, फोन काढला, पडद्यावरचं नाव वाचलं आणि हात वर केला.

"घे. आईचा हाय," ती म्हणाली. स्वच्छ मराठीत. "निधीला म्हणावं, थांब जरा."

धरणी दुभंगून पोटात घेते म्हणतात, पण बसच्या खाली कुठली धरणी? कस्तुरीनं फोन कानाला लावला. तिचे कानच एवढे तापले होते की आईचं अर्धं ऐकूच आलं नाही.

"का करून राहिली? त्या शाळेचा फोन होता. शुक्रवारपर्यंत सांगायचंय. तुझं निधीसोबतच राहायचं पक्कं ना?"

"हो."

"नक्की?"

"हो ना आई."

बाई खिडकीबाहेर बघत होती. कस्तुरीनं दप्तर ओढून घेतलं, स्टॉप यायच्या आधीच उतरली आणि उरलेला रस्ता धुळीतून, हॉर्नच्या गोंगाटातून चालत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं ती बस मुद्दाम जाऊ दिली. मागच्या बसमध्ये दप्तर पोटाशी धरून उभी राहिली. एका बाईनं मांडी पुढे केली तर मान हलवून नको म्हणाली. इअरबड खिशातच राहिले. आता बोलायचं तरी कुठल्या भाषेत? कुणाला न कळणारी भाषाच उरली नव्हती. खोटी का होईना, एक मैत्रीण होती, तीही गेली. त्या दिवशी सिल्क बोर्ड येता येईना.

गुरुवारीही ती खांबाआड उभी राहून बस सुटायची वाट बघत होती. तिसऱ्या खिडकीतून हाक आली.

"ए निधीची मैत्रीण. चढ की."

आसपासच्या चारजणी वळून बघायला लागल्या. न चढून सांगते कुणाला?

आत गेली तर बाईच्या शेजारच्या सीटवर पिशवी ठेवलेली. उभी असलेली एकजण कन्नडमध्ये कुरकुरत होती. "नम्म हुडुगी," बाईनं तिला सांगितलं, आमची पोर आहे, आणि पिशवी उचलून पायाशी घेतली. बंगळुरूच्या बसमध्ये कस्तुरीसाठी कुणी जागा धरली, ती ही पहिलीच.

बस सुटली. शांतीनगर मागे पडलं.

"माझं नाक भज्यासारखं हाय व्हय?"

कस्तुरीनं डोळे मिटले.

"कांद्याच्या का मिरचीच्या?"

"कांद्याच्या."

"मग ठीक हाय. मिरचीचं लांबडं असतंय."

कस्तुरीला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही आलं, तेव्हा तिनं नाक पुसायला दप्तराचा पट्टा वापरला. बाईनं पदर पुढे केला. तिचं नाव यल्लव्वा. निपाणीकडची, लग्न करून इकडे आलेली, चिक्कपेटेत ब्लाउजपीसच्या दुकानात कामाला.

"तुम्हाला कधी कळलं? म्हणजे, फोनवर कुणी नसतं ते?"

"पहिल्या दिसापास्नं. फोन माझ्या मांडीवर की. चालू फोनाला स्वल्प ऊब असती. तुझा गार दगूड."

"मग सांगितलं का नाही, अक्का?"

"मावशी म्हण. अक्का म्हणणारी लई हायत हितं." यल्लव्वानं पायाशी ठेवलेली पिशवी सरळ केली. "काय सांगायचं? घरात लेकाला कन्नड, सुनेला तमिळ. मराठी कानावर पडायची ती ह्या बसमधीच. परवा दुकान लवकर सुटलं तरी थांबले मी. म्हटलं, त्या निधीचं पुढं काय झालं बघू. तू बोलत हुतीस, मी ऐकत हुते. फोन लागलाच हुता की."

डेअरी सर्कल आलं. इंजिन बंद झालं. पुढे नुसते लाल दिवे.

"आईला हो का म्हणालीस?" यल्लव्वानं विचारलं.

या बाईशी खोटं बोलायची सोयच नव्हती, हिला सगळे भाग पाठ. तिनं फोन काढला, हातात धरून बसली, आणि शेवटी खरोखर नंबर लावला.

"आई, तू कुठे आहेस?"

"कॅबमध्ये. रिंग रोडला. हलतच नाही काही. का गं?"

"आई, निधी माझ्यासोबत नसते. कधीची. लाडूबिडू काही आणले नव्हते तिनं. मी एकटी डबा खाते."

पलीकडे हॉर्न, अलीकडे हॉर्न.

"मी रोज वाट बघत होते," आई म्हणाली, "की एकदा तरी म्हणशील कंटाळले म्हणून. म्हटलं, मी बोलले तर तुला हरल्यासारखं वाटेल."

"मग आता म्हणते."

"उद्या कळवते त्यांना. हो म्हणून."

फोन ठेवल्यावर कस्तुरीच्या डोक्यात प्रकाश पडला. नवी शाळा म्हणजे चालत. चालत म्हणजे ही बस नाही.

यल्लव्वाला ते आधीच कळलेलं असावं. "बरं झालं," ती म्हणाली. "पायांना आराम. आणि बस काय, हितंच असती. डेअरी सर्कलला."

उतरताना कस्तुरीनं तिचा नंबर मागून घेतला.

दसऱ्यानंतर नवी शाळा सुरू झाली. आता कस्तुरी उन्हं असतानाच घरी. दार उघडायचं, बूट काढायचे, आणि आई येईपर्यंत त्या चकचकीत फ्लॅटमध्ये फ्रिजची घरघर ऐकायची. पूर्वी हा वेळ बस खायची, आता तो खायला कुणीच नव्हतं. वर्गात मुली चांगल्या होत्या, पण त्यांच्या जोड्या पहिलीपासून जमलेल्या.

दिवेलागणीला तिनं नंबर फिरवला. बराच वेळ वाजला.

"हलो," मागे शिट्टी, आणि पुढे सरका म्हणून ओरडणारा कंडक्टर.

"मावशी, कुठे पोचलात?"

"कुठं पोचतीया? मडिवाळ्यात उभी हाय बस."

"मांडीवर कुणाचं दप्तर आहे?"

"एकीची भाजीची पिशवी हाय. मेथी टोचतीया." मग आवाज खाली आला. "तू सांग. नव्या शाळंत डबा कुठं खाल्लास?"

कस्तुरीच्या तोंडावर आलं होतं, मैत्रिणींसोबत.

"लायब्ररीत," ती म्हणाली.

"एकटी?"

"हं."

यल्लव्वानं अरेरे केलं नाही, धीरबीर दिला नाही. जागा नीट करून घेतल्यासारखी खुडबुड ऐकू आली. "बरं. मग पुढं?"

कस्तुरी खिडकीशी जाऊन बसली. लांब मोठ्या रस्त्यावर दिव्यांची रांग होती, ती जागची हलत नव्हती. ती सांगायला लागली. लायब्ररीच्या बाईंचा पंखा कसा कुरकुरतो, पलीकडच्या टेबलावर एक मुलगी कशी रोज लिंबाचं चित्रान्न आणते आणि पुस्तकाआड लपून खाते. बोलता बोलता तिनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला. तो चांगलाच तापला होता.